चिऊच्या गाण्याच्या वर्गात मामा

प्रश्न: माझी भाची चिऊ सव्वादोन वर्षांची आहे. ताईने तिला कोथरूडला लहान मुलांच्या संगीत वर्गात घातलं आहे. दर शनिवारी सकाळी दहा ते पावणेअकरा, असे बारा शनिवार. मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस बसावंच लागतं. ताईला शनिवारी ड्यूटी, भावजी बोटीवर, म्हणून मी जातो. एक शनिवार झाला. नऊ आया, दोन आज्या आणि मी. गायला गेलो तर आवाज फाटला, मग नुसते ओठ हलवत बसलो. चिऊ अर्धा वेळ खोलीभर फिरली, उरलेला वेळ माझा गुडघा धरून उभी राहिली. तोंडातून एक शब्द नाही. सोमवार ते शुक्रवार मी चाकणला असतो. गाण्याचा गंध नाही, मात्र सहा वर्षं ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतोय. मी जात राहावं का, की वर्ग सोडून द्यावा? आणि पथकाच्या सरावाला तिला नेलं तर ताल लवकर अंगात येईल का?
– चिऊचा मामा, पुणे

मामा, वर्ग सोडू नका. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं, कान टोचतानाही मामाच धरून बसतो. इथेही तीच मांडी हवी आहे, फक्त दर शनिवारी पाऊण तास.

तुमच्या पत्रात एक गैरसमज आहे आणि बाकीच्या अडचणी त्यातूनच आल्या आहेत. वर्ग चिऊचा आणि आपण तिला सोडायला आलेले, असं धरून तुम्ही बसलात. या वयाच्या वर्गात बाई शिकवतात ते मोठ्या माणसाला. मूल बाईंकडे थोडंच बघतं, जास्त बघतं ते आपल्या माणसाकडे: हा हसतोय का, हलतोय का, याच्या तोंडातून आवाज येतोय का. गेल्या शनिवारी तिने पाहिलं की सगळे गाताहेत आणि आपला मामा गप्प आहे. म्हणून तीही गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्यात गाणं न येण्याचा काही संबंध नाही.

आणि ती काहीच करत नव्हती असं नाही. गुडघा धरून उभं राहणं म्हणजे या वयाचं ऐकणं. अमेरिकी संगीतशिक्षक एडविन गॉर्डन यांनी लहान मुलांच्या संगीतशिक्षणाचे टप्पे मांडले, त्यातला पहिला टप्पा नुसता मुरण्याचा आहे. मूल सूर आणि ताल आत घेत असतं, बाहेर काही देत नाही. बोलायला लागण्याआधी वर्षभर ते आपलं बोलणं ऐकतच असतं, तसंच हे. वर्गात मुकं बसलेलं मूल रात्री आंघोळीच्या वेळी बादलीत हात आपटत अर्धी ओळ गुणगुणतं, हे फार ठिकाणी होतं. ताईला सांगून ठेवा की असं काही कानावर पडलं तर तुम्हाला कळवायचं, पण चिऊला थांबवून ‘पुन्हा म्हण’ म्हणायचं नाही.

आता आवाजाकडे येऊ. तुम्ही बेसूर आहात असं पत्रावरून मुळीच वाटत नाही. तुमची पट्टी, म्हणजे गायची उंची, चुकली. दोन-तीन वर्षांच्या मुलांचा गळा साधारण हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून सहाव्या पांढऱ्या पट्टीपर्यंत, मोकळा चालतो. म्हणून या वयाची गाणी बहुतेक वेळा याच पाच सुरांत बसवतात. पांढरी दोनला सा धरला तर पांढरी सहाला प येतो. म्हणजे सगळं गाणं सा ते प. बाईंना ते सोपं जातं. पण तुम्ही बाईंच्या त्याच उंचीवर गायला गेलात तर त्यांचा सा हा तुमचा तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) होतो आणि त्यांचा प हा तुमचा तार पंचम (वरच्या सप्तकातला प). तो पंचम तयारीच्या पुरुष गायकालाही जपून लावावा लागतो. आवाज फाटणारच होता.

उपाय सोपा आहे. एक सप्तक खाली या. सूर तोच राहतो, फक्त खालचा. पुरुषांना सा लावायला काळी एक किंवा पांढरी दोन ही नेहमीचीच पट्टी आहे, त्यामुळे तुम्हाला गळा ताणावा लागणार नाही. फोनवर तानपुऱ्याचं कुठलंही ॲप घ्या, पांढरी दोन लावा आणि येत्या शनिवारपर्यंत रोज पाच मिनिटं एवढंच करा: तोंड मिटून सा वर गुणगुणणं, मग आ करून सा रे ग म प आणि परत खाली. तानपुऱ्यात आपला आवाज विरून गेला, वेगळा ऐकू येईनासा झाला, की सूर लागला. खरखर किंवा लाट ऐकू आली तर किंचित वरखाली करून पाहा. चाकणच्या खोलीवर, गाडीत, कुठेही जमेल. मात्र फोन खिशात ठेवून नको. आपला आवाज आणि तानपुरा दोन्ही सारखेच ऐकू आले पाहिजेत.

एक अडचण मात्र खरी आहे. लहान मुलांना बायकांच्या किंवा मुलांच्या आवाजाशी सूर जुळवणं सोपं जातं, पुरुषाच्या खालच्या आवाजाशी जरा अवघड. म्हणून वर्गात तुम्ही खालीच गा, बाईंचा आवाज तिच्यासाठी वर आहेच. पण तिने तुमच्यामागे म्हणावं असं वाटेल तेव्हा बारीक, चोरट्या आवाजात तिच्या उंचीवर जा. जोर न लावता, कुजबुजण्यापेक्षा थोडं मोठ्याने. याची सुरुवात तिच्या नावाने करा. ‘चि’ प वर आणि ‘ऊ’ ग वर, म्हणजे पांढरी सहा आणि काळी तीन. हाक मारताना माणसाचा आवाज आपसूक असाच वरून खाली उतरतो. जिन्यातून मुलं आईला हाक मारतात ती ऐका, बहुतेक वेळा हीच दोन पायऱ्यांची उतरण असते. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या शिक्षणपद्धतीत मुलांच्या गाण्याची सुरुवात याच दोन सुरांनी होते. तुम्ही ‘चि-ऊ’ म्हणा आणि गप्प बसा. मनात पाच आकडे मोजा. ती ‘मा-मा’ म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही, नुसतं बघेल. दोन्ही चालेल. पुन्हा एकदा म्हणा, मग सोडून द्या.

ही पाच आकड्यांची वाट फार कमी लोक बघतात. मोठ्यांना दोन सेकंदांची शांतता खुपते आणि ते लगेच ‘म्हण ना, म्हण ना’ सुरू करतात. सव्वादोन वर्षांच्या मुलाला ऐकलेलं तोंडापर्यंत आणायला वेळ लागतो. गाण्यातही हेच करा. या वयात मुलांच्या तोंडी आधी ओळीचा शेवटचा शब्द येतो. म्हणून ओळ म्हणत या, शेवटच्या शब्दाआधी थांबा, भुवया वर करा आणि तिच्याकडे बघा. तिने शब्द टाकला तर पुढची ओळ. नाही टाकला तर तुम्हीच टाका आणि पुढे चला. चेहऱ्यावर नाराजी येऊ देऊ नका, मुलांना ती फार लवकर दिसते.

ढोल वाजवता हे तुमचं मोठं भांडवल आहे, पण ते इथे उलटं वापरावं लागेल. चालत्या-फिरत्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते, मिनिटाला साधारण १२० ते १५० ठोके. तुम्ही संथ ठेका धरलात तर ती त्यात येऊच शकत नाही, आणि मग आपल्याला वाटतं की मुलाला ताल नाही. पथकात ढोलवाल्याचे कान ताशाकडे असतात. वर्गात ताशा चिऊकडे आहे. ती गुडघ्यांत वाकून हलायला लागली, की बाईंचा ठेका घटकाभर सोडा आणि तिच्या हलण्यावर मांडीवर दोन बोटांनी ठोका धरा. आठ ठोके तिच्या लयीत जाऊ द्या, मग हळूहळू बाईंच्या लयीकडे सरका. आली तर आली. सुटली तर पुन्हा तिच्याकडे जा. २००९ साली जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अडीच वर्षांच्या मुलांनीसुद्धा यंत्राच्या किंवा स्पीकरच्या ठोक्यापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाबरोबर जास्त नेमकं वाजवलं. म्हणजे ताल शिकवणारं ॲप शोधण्यात अर्थ नाही. समोर माणूस लागतो, आणि तुम्ही ते करू शकता.

हात मात्र हलका ठेवा. टिपरू (ढोलाची काठी) धरायची सवय असलेला हात छोट्या डफलीवर पडला तर बंद खोलीत, फरशीवर तो आवाज मुलांना घाबरवतो. डफली जमिनीवर आडवी ठेवा. चिऊचा तळवा डफलीच्या कातड्यावर टेकवा आणि कडेला एका बोटाने वाजवा. थरथर तिच्या हातात जाईल आणि ती आधी डफलीकडे, मग तुमच्याकडे बघेल. असं चार-पाच वेळा झालं की ती स्वतःच हात उचलून मारते. तिने कानावर हात ठेवले तर तो हट्ट समजू नका, आवाज खरंच जास्त आहे. तुमच्या बाजूचे टाळ-झांजा खाली ठेवा आणि वर्ग संपल्यावर बाईंनाही सांगा.

मांडीवरच्या खेळांना मामासारखा माणूस उत्तम, कारण मांड्या भक्कम असतात. पाय सरळ पुढे करून बसा, तिला मांड्यांवर तुमच्याकडे तोंड करून बसवा आणि दोन्ही हातांनी बरगड्यांपाशी, काखेखाली धरा. मनगटाला किंवा हाताला धरून उचलायचं नाही, झुलवायचं तर नाहीच. या वयात हात ओढला गेला तर कोपराचं हाड जागचं सरकतं, मूल एकदम हात लोंबता ठेवून रडायला लागतं, आणि खेळताना हे फार सहज होतं. उसळी तीन-चार सेंटिमीटरची पुरे: टाच उचला, टेकवा, उचला, टेकवा. ओळ संपली की एकदम थांबा. त्या थांबण्यालाच मुलं सर्वांत जास्त हसतात, आणि पुढच्या ओळीची वाट बघायला शिकतात. काठीने वाजवायचं वाद्य तिच्या हातात असेल तेव्हा तिने बसूनच वाजवावं. काठी तोंडात घालून मूल चाललं आणि पडलं, तर टाळूला लागतं.

घरासाठी खुळखुळा किंवा चिपळ्या घेणार असाल तर आयएसआय खूण बघा आणि सुटणारा प्रत्येक भाग तपासा. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, खेळण्यांची चाचणी याच मापाने होते. घुंगरू सुटे द्यायचे नाहीत, पट्ट्यावर घट्ट शिवलेलेच द्या.

खोलीभर फिरण्याचं काय करायचं? बहुतेक वेळा काहीच नाही. तिच्यामागे धावलात तर तो पकडापकडीचा खेळ होतो आणि गाण्यापेक्षा तो जास्त मजेचा. आपली जागा सोडू नका, गात राहा. तुम्ही एका जागी असलात की ती फेरी मारून परत येते. दार, प्लगपॉइंट किंवा दुसऱ्या मुलाच्या हातातलं वाद्य, या तीन गोष्टींकडे गेली तरच उठा, आणि ओरडत नाही, तीच ओळ गात जा आणि घेऊन या. रडायला लागली तर दोन-तीन मिनिटं कडेवर घेऊन डोला. नाहीच थांबली तर दाराबाहेर जा, पण गाणं ऐकू येईल इतक्याच अंतरावर, आणि शांत झाली की परत आत. शेवटचं निरोपाचं गाणं चुकवू नका. दर वेळी त्याच गाण्याने वर्ग संपतो, हे मुलाला कळलं की पुढच्या वेळी ते निर्धास्त असतं.

पावणेदहाला पोहोचा. खोली रिकामी असताना चिऊने कोपरे बघून घेतले की फिरणं निम्मं होतं. खाणं सव्वानऊच्या आत उरका. तुम्ही सैल सुती पँट घाला, जीन्स नको. घड्याळ, अंगठी, कडं घरी ठेवा. बसायला चादरीची आठ-दहा सेंटिमीटर जाड घडी घ्या. मांडी घालायची सवय नसलेला माणूस वीस मिनिटांनी भिंतीकडे सरकतो, आणि मग वर्तुळाबाहेर पडतो.

बायकांमध्ये एकटा पुरुष असण्याचा संकोच तुम्ही पत्रात स्पष्ट लिहिला नाहीत, पण ‘नऊ आया, दोन आज्या आणि मी’ या आकड्यांत तो आहे. तो पहिल्या दोन मिनिटांत घालवता येतो. आत गेल्यावर एखाद्या आजींच्या शेजारी बसा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: ‘मी चिऊचा मामा. ताईला शनिवारी ड्यूटी असते, म्हणून बारा शनिवार मीच येणार आहे.’ लोकांना फक्त एवढंच हवं असतं. दुसऱ्याचं मूल आपल्याकडे आलं तर उचलून घेऊ नका, हसून वाद्य जमिनीवर त्याच्यासमोर ठेवा. कुणी बाळाला पाजायला घेतलं तर आपलं लक्ष चिऊकडे. फोन पिशवीत. ताईला व्हिडिओ हवाच असेल तर घरी काढा, वर्गात दुसऱ्यांची मुलं त्यात येतात.

बाईंशी वर्गाआधी बोला. गाण्यात ‘आईच्या मांडीवर’ असं येत असेल तर म्हणा, ‘एका कडव्यात मामा घ्याल का?’ चांगल्या बाई लगेच घेतात, आणि पुढच्या वेळी आजीचंही कडवं होतं. ताईने वर्गाला लेखी कळवावं: तुमचं नाव, फोन, फोटो, चिऊला आणणं-नेणं तुमच्याकडे असल्याची परवानगी, तिची कसली ॲलर्जी असेल तर ती, आणि डॉक्टरांचा नंबर. तुमच्या फोनमध्येही हेच असू द्या. आणि डायपर कुठे बदलायचा ते आधीच विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती सोय फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात असते आणि पुरुषाची ऐन वेळी पंचाईत होते. बदलायची घडीची चटई जवळ ठेवा आणि एखादी रिकामी खोली मागून घ्या. पहिले चार शनिवार तरी तुम्हीच जा. एकदा ताई, एकदा आजी, एकदा तुम्ही असं झालं तर दर वेळी चिऊचं नवं माणूस बघण्यातच लक्ष जातं.

बारा शनिवारांचे मिळून नऊ तास होतात. खरं मुरतं ते घरी. वर्गातली तीनच गाणी निवडा आणि रोजच्या कामाला बांधा: एक दात घासताना, एक चपला घालताना, एक झोपताना. ताई आणि आजी तेवढं करतील. चाकणहून तुम्ही व्हिडिओ कॉल करता तेव्हा बरोबर गायला जाऊ नका. आवाज उशिरा पोहोचतो, ठेका सुटतो आणि मूल गोंधळतं. आळीपाळीने गा: एक ओळ तुम्ही, मग गप्प. ओळ तिकडून आली नाही तर ताई म्हणेल. पाच मिनिटं पुरे. आणि घरी पाहुणे आले की ‘चिऊ, गाणं म्हणून दाखव’ हे घरातल्या सगळ्यांनी बंद करायचं. आपल्याकडे हे प्रेमानेच होतं, पण दोन वर्षांच्या मुलाचं गाणं त्यानेच बंद पडतं. हे तुम्ही मामा म्हणून सांगितलंत तर ऐकलं जाईल.

राहिला पथकाचा सराव. तिथे तिला नेऊ नका. हेडफोनसारख्या ऐकण्याच्या उपकरणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांची मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी धरली आहे, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ९९ डेसिबलला आठवड्याचा कोटा नऊ-साडेनऊ मिनिटांत संपतो. पन्नास ढोल आणि ताशे वाजत असताना जवळचा आवाज याच्याही वर जातो. शिवाय त्या गोंगाटात तिला ताल वेगळा ऐकूच येत नाही, नुसता धक्का बसतो. मिरवणुकीत तुम्हाला वाजवताना तिला दाखवायचंच असेल तर दूरच्या गच्चीवरून, लहान मुलांचे कान झाकणारे मोठे इअरमफ लावून, आणि पाच-दहा मिनिटंच. कापसाच्या बोळ्यांनी भागत नाही.

ढोल मात्र तिला जरूर दाखवा. सराव नसलेल्या दिवशी, घरी. आडवा ठेवा, टिपरू बाजूला काढा. तिला आधी दोरी ओढून बघू द्या, पान (ढोलाची वाजवायची बाजू) हाताने चाचपू द्या, गाल टेकवायचा असेल तर टेकवू द्या. गाल टेकलेला असेपर्यंत वाजवायचं नाही. तिने मान उचलली की दुसऱ्या बाजूला एका बोटाने, अगदी हलकं, एकदाच वाजवा आणि पाच मोजा.